जोडरेषा

माझ्या टेबलाच्या खणात पारदर्शक कागदाची एक पुडी आहे. तीत एकच टपाल तिकीट आहे. ते अमेरिकेचे, १९८१ साली निघालेले, १८ सेंटचे. गडद तपकिरी रंगात छप्पर असलेली एक चारचाकी घोडागाडी त्यावर कोरली आहे. घोडा मात्र चित्रात नाही. तिकिटाच्या वरच्या आणि खालच्या कडा सरळ कापलेल्या आहेत आणि दाते फक्त डावी-उजवीकडे आहेत. चित्राच्या खाली, भिंगाशिवाय दिसणार नाही इतका लहान, ५ हा आकडा आहे. एका बाजूच्या दात्यांच्या टोकांवर तपकिरी शाईचे ठिपके आहेत. कोणी तरी रेघ ओढली असावी आणि ती मधोमध फाटून अर्धीच उरली असावी, असे ते दिसतात.

संग्राहकांच्या बाजारात या तिकिटाला विशेष किंमत नाही. पण ती अर्धी रेघ कशी आली आणि अर्धीच का उरली, हे समजायला मला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. त्यातला पहिला प्रश्न मुद्रणाचा आहे, दुसरा आमच्या घराचा.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण हे आमचे गाव येते. गडाचा सुळका आमच्या अंगणातून दिसे. गावाची ओळख एकाच नावाने सांगितली जाते : आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथे झाला. आमच्या घराला अर्थातच असा काही इतिहास नव्हता. थोडी भातशेती, एक गोठा, आणि अण्णांची हिशेबी, अबोल शिस्त, एवढेच आमचे वैभव होते. त्या घरात परदेशाचा वारा यायचा तो धाकट्या मामाच्या पत्रांतून. मामा अमेरिकेत नोकरीला गेला होता आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा आईला लांबलचक पत्र पाठवी. आई पत्र दोनदा वाची, डोळे पुसून ते फळीवरच्या डब्यात ठेवी, आणि मग पाकीट आमच्या स्वाधीन होई.

पाकिटावरचे तिकीट सोडवण्याचे काम दादाचे. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पाकिटाचा कोपरा कापायचा, पितळी ताटलीत पाणी घेऊन त्यात तो तरंगत ठेवायचा, डिंक सुटला की तिकीट हलकेच सरकवून वर्तमानपत्रावर पालथे वाळवायचे आणि शेवटी जाड पुस्तकाखाली दाबायचे, हा सारा विधी तो पुजाऱ्याच्या गंभीरपणाने करी. मी शेजारी बसून नुसता पाहत असे. तिकिटांची वही एकच होती आणि ती आम्हा दोघांची, असे घरात मानले जाई. प्रत्यक्षात ती दादाची होती आणि माझी तिला हात लावायची मुभा होती.

मी अकरा वर्षांचा असताना मामाच्या एका पाकिटावर ही घोडागाडी आली, तीही दोन. दोन तिकिटे एकमेकांना जोडलेली आणि त्यांच्या मधून, दात्यांच्या छिद्रांवरून, वरपासून खालपर्यंत एक सरळ तपकिरी रेघ. दादाने ती पाण्यातून काढली आणि कपाळाला आठी घातली. वर-खाली दाते नाहीत, म्हणजे कोणी तरी कात्रीने कापले आहेत, असा त्याचा पहिला निष्कर्ष. मधली रेघ म्हणजे शाईचा डाग, हा दुसरा. आणि एका तिकिटाखाली काही तरी बारीक चिकटले आहे, ते खरवडून पाहावे काय, हा तिसरा. नशिबाने त्याने खरवडले नाही.

तरीही आम्हाला ते तिकीट फार आवडले, कारण त्या काळी पनवेलला टांगे होते आणि अमेरिकेसारख्या देशात टांगा असतो याचा आम्हाला विलक्षण आनंद झाला. वहीत एक ठेवू, दुसरे माझ्या स्वतःच्या कंपासपेटीत राहील, असे मी म्हणालो. दादा म्हणाला, दोन्ही वहीतच राहतील. शब्द वाढले आणि हातघाई झाली. अण्णा ओटीवर बसले होते. त्यांनी मान वर केली आणि दोनच शब्द उच्चारले : “एकेक घ्या.”

दादाने जोडी दोन्ही हातांत धरली, छिद्रांवर दुमडली आणि ओढली. रेघ मधोमध फाटली. स्वच्छ दिसणारे तिकीट त्याने स्वतःकडे ठेवले आणि खाली बारीक काही तरी असलेले माझ्या हातावर ठेवले. “हे तुझं. याच्यावर घाण आहे, पण चालेल तुला.” मला ते चालले नाही, पण मी रडलो नाही, एवढेच आठवते.

पुढे १९८४ साली भारतीय टपाल खात्याने वासुदेव बळवंतांचे ५० पैशांचे तिकीट काढले. आपल्या गावचा माणूस तिकिटावर आला, याचे अप्रूप शब्दांत सांगता येणार नाही. पुण्यात सैन्याच्या हिशेबखात्यात कारकुनी करणारा हा माणूस सत्तेविरुद्ध उभा राहिला, काळ्या पाण्याऐवजी एडनच्या तुरुंगात धाडला गेला, तेथूनही दार उखडून एकदा निसटला, पुन्हा पकडला गेला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच वारला. ज्याची पत्रेही सरकारच्या नजरेखालून गेली असती, त्याचे चित्र आता प्रत्येकाच्या पत्रावर सरकारी शिक्क्याखाली फिरणार होते. अण्णा मुद्दाम पनवेलला गेले आणि तिकिटे घेऊन आले, दोन. एक दादाला, एक मला. या वेळी भांडणाला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. ती दोन्ही एकाच तावातली, शेजारशेजारची असावीत. कारण दात्यांत दाते बसत होते. आम्ही ते एकदा बसवून पाहिले आणि आपापल्या जागी ठेवून दिली.

शिक्षण अर्धवट सोडून मी १९८९ साली मुंबईतल्या एका छापखान्यात उमेदवार म्हणून लागलो आणि तेथेच मशीनमन झालो. तिकिटे मागे पडली. पण त्यांच्याच जातीच्या एका जगात मी शिरलो होतो, हे मला तेव्हा कळले नाही. छपाईचे सारे मर्म एका गोष्टीत असते : जे वाचकाला दिसते त्याच्याभोवती, न दिसणारे बरेच काही छापलेले असते. तावाच्या कडेला रंगांच्या पट्ट्या असतात, चार रंग एकमेकांवर नीट बसले की नाही हे सांगणाऱ्या फुल्या असतात, कोठे कापायचे त्याच्या खुणा असतात, प्लेट कोणती याचा आकडा असतो. छापणाऱ्याची सारी भाषा त्या कडेवर लिहिलेली असते. मग ताव कटिंग मशीनखाली जातो, पाते खाली येते आणि ती भाषा कात्रणाच्या पोत्यात जाते. तीस वर्षांत अशी किती पोती मी उचलली असतील, त्याचा हिशेब नाही. स्वच्छ कापलेला कागद म्हणजे चांगले काम, हा आमचा धर्म होता. मी तो मनापासून पाळला, आणि केवळ कागदापुरता पाळला असता तर बरे झाले असते.

अण्णा १९९९ साली गेले. त्यानंतर दोन वर्षांनी आमची वाटणी झाली. महामार्गालगतच्या जमिनींचे भाव तेव्हा चढू लागले होते. मला पनवेलला घर घ्यायचे होते आणि पैसा हवा होता. दादा शेती करत होता आणि त्याला जमीन एकत्र राहायला हवी होती. तो म्हणाला, थोडा थांब. मी म्हणालो, किती वर्षे? यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हते आणि माझ्याजवळ सबूर नव्हती. मोजणी झाली, फाळणीचा नकाशा झाला, सातबारावर एका नंबराचे दोन हिस्से पडले. माझा हिस्सा मी वर्षाच्या आत परक्याला विकला. त्याने मधल्या बांधावर भिंत घातली. मी म्हणत असे, व्यवहार स्वच्छ झाला; कोणाचे कोणाकडे काही उरले नाही. दादा काहीच म्हणाला नाही. लग्नकार्यात दोन शब्द बोलणे होई. त्यापलीकडे आमचे जाणेयेणे थांबले.

२०१९ साली छापखाना बंद झाला. हाती रिकामा वेळ आला की मनुष्य बालपणाकडे वळतो, असे म्हणतात. मी फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळू लागलो. तेथे अमेरिकन तिकिटांची एक जुनी इंग्रजी सूची हाती आली. सहज पान उलटले तर समोर आमची घोडागाडी! तिच्याखाली तिकिटाच्या दोन किमती दिल्या होत्या : सुट्या तिकिटाची एक आणि ‘रेषेसह जोडी’ची निराळी. मी पदपथावरच उभा राहून ते पुन्हा पुन्हा वाचले. ज्याला आम्ही डाग म्हणालो होतो, त्याचे जगात नाव होते.

त्यानंतरचे काही महिने मी या एकाच विषयाच्या मागे होतो. तो थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही.

आपल्याकडे टपाल कार्यालयात तिकिटे तावाने येतात आणि खिडकीवरचा कर्मचारी हवी तितकी फाडून देतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी नाणे टाकून तिकीट देणारी यंत्रे आली; शिवाय रोज शेकडो पत्रे धाडणाऱ्या कचेऱ्या होत्या. त्यांना ताव गैरसोयीचा होता. म्हणून १९०८ पासून तेथील टपाल खात्याने तिकिटांच्या गुंडाळ्या विकायला आरंभ केला. एका पट्टीत एकामागोमाग एक तिकीट, पट्टीच्या दोन्ही कडा सरळ कापलेल्या, दाते फक्त दोन तिकिटांच्या मध्ये. कात्रीने दाते कापले गेल्याचा दादाचा संशय अशा रीतीने निम्मा खरा होता. फक्त ती कात्री वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्याची होती.

सुरुवातीच्या गुंडाळ्या सपाट प्लेटीवर छापलेल्या तावांच्या पट्ट्या कापून आणि एकमेकींना चिकटवून होत. त्या तावांवर मधोमध एक रेघ मुद्दाम कोरलेली असे, कापणाऱ्याला वाट दाखवण्यासाठी. ती मार्गदर्शक रेषा. १९१४ पासून गुंडाळ्यांची छपाई फिरत्या यंत्रावर होऊ लागली. येथे प्लेट सपाट राहत नाही; ती वाकवून सिलिंडरवर बसवतात. अर्ध्या गोलाच्या दोन प्लेटी मिळून एक पूर्ण गोल होतो. प्लेट वाकवल्यामुळे वरचे कोरीवकाम किंचित ताणले जाते आणि फिरत्या यंत्रावरचे तिकीट सपाट प्लेटीवरच्या तिकिटापेक्षा एका दिशेने केसभर मोठे होते. जाणकार संग्राहक केवळ पट्टीने मोजून तिकीट कोणत्या यंत्रावरचे हे सांगतात, ते यामुळे.

आता या दोन प्लेटी जेथे भेटतात तेथे कितीही नेटके बसवले तरी बारीक फट राहते. कोरीव प्लेटीच्या छपाईत शाई प्लेटीवर फासतात आणि वरची पुसून घेतात, म्हणजे ती केवळ कोरलेल्या खाचांत राहते. पण फट हीही एक खाचच. पुसणाऱ्याचा हात तिच्या तळापर्यंत पोहोचत नाही. तीत शाई साठते आणि यंत्राच्या प्रत्येक फेऱ्यात कागदावर उमटते. तीच जोडरेषा. मार्गदर्शक रेषा माणसाने ठरवून काढलेली असते; जोडरेषा कोणीही काढलेली नसते. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र काम करत होत्या, एवढ्यामुळे ती उमटते. मशीनमन असल्यामुळे हे वाक्य वाचताच माझ्या डोळ्यांसमोर सिलिंडर फिरू लागला. आणि ज्याचे कारण दोन ओळींत कळण्यासारखे होते ते इतकी वर्षे आपण डाग समजत आलो, याची लाजही वाटली.

घोडागाडीच्या तिकिटात एका प्लेटीवर आडव्या ओळीत २४ तिकिटे होती. म्हणजे पट्टीवर दर चोविसाव्या तिकिटानंतर एक जोडरेषा. शंभर तिकिटांची गुंडाळी घेतली तर तिच्यात अशा चार रेषा मिळतात, क्वचित पाच. बाकीची सारी तिकिटे हुबेहूब एकसारखी. ही चार-पाच ठिकाणेच तेवढी यंत्राची आठवण ठेवतात.

प्लेटीच्या आकड्याची कथा याहून जुनी आहे. प्रत्येक प्लेटीला छापखान्यात क्रमांक असतो. प्लेट झिजली, फुटली, वाईट छापू लागली तर नेमकी कोणती हे कळावे म्हणून. सहसा तो तावाच्या कडेला असतो. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळी एक पेनीच्या लाल तिकिटांत तो चित्राच्या आतच, दोन्ही बाजूंच्या वेलबुट्टीत कोरला गेला. ७१ पासून २२५ पर्यंतचे आकडे त्या तिकिटांवर सापडतात. त्यांपैकी ७७ क्रमांकाची प्लेट सदोष म्हणून बाद केली होती. तरी तिच्यावर छापलेली काही थोडी तिकिटे बाहेर पडली आणि आज ती जगातल्या दुर्मीळ तिकिटांत गणली जातात. बाकी सर्व बाबतींत ती इतर लाल तिकिटांसारखीच आहेत. तो बारीक आकडा नसता तर त्यांना कोणी ओळखलेच नसते.

आपली तिकिटे दीर्घकाळ लंडनहून छापून येत. १९२५ साली नाशिक रोडला सरकारी मुद्रणालय उभे राहिले आणि पुढच्या वर्षापासून तिकिटे तेथे छापली जाऊ लागली. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ या संत-कवींची १९५२ सालची मालिका तेथलीच. आजही एखादा पूर्ण ताव हाती आला तर त्याची कड पाहावी; तिच्यावर वापरलेल्या प्रत्येक रंगाचा एकेक ठिपका असतो. एखादा रंग छापायचा राहिला तर त्याचा ठिपकाही राहतो, म्हणजे तपासनिसाला चूक चटकन दिसते. संग्राहक या ठिपक्यांना गमतीने ‘ट्रॅफिक लाइट’ म्हणतात. पत्रावर तिकीट लावणारा मात्र ती कड फाडून टाकतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पत्र पोहोचायला कड लागत नाही.

गुंडाळीच्या तिकिटांची अडचण हीच होती, की त्यांना कडच उरत नसे. पट्ट्या कापताना कड जाई आणि कडेबरोबर प्लेटीचा आकडा जाई. कधी पाते थोडे सरकले तर आकड्याचा तुकडा एखाद्या तिकिटावर चुकून राही आणि संग्राहक त्यावर समाधान मानत. १९८१ साली अमेरिकन टपाल खात्याने ठरवले, की आकडा कडेवर न ठेवता ठराविक अंतरावरच्या तिकिटावरच, चित्राच्या खाली, बारीक छापायचा. त्याच वर्षाच्या मे महिन्यात आमची घोडागाडी निघाली; जुन्या वाहनांच्या मालिकेतले ते पहिलेच तिकीट. त्याच दशकात जोड नसलेली सिलिंडरे आली. त्यांच्यावर फट नाही, म्हणून रेषाही नाही. आकडा मात्र पुढेही राहिला. संग्राहक आकड्याचे तिकीट मध्ये ठेवून तीन किंवा पाच तिकिटांची पट्टी जपतात. जोडरेषेच्या बाबतीत नियम एकच : तिच्या दोन्ही बाजूंची तिकिटे एकत्र असली पाहिजेत. सुटे केले की दोन साधी तिकिटे उरतात. रेषा कोणत्याच एका तिकिटाची नसते.

हे शेवटचे वाक्य वाचल्यावर मी सूची मिटली. शिरढोणच्या त्या दुपारी काय फाटले होते ते मला कळले. आणि खरे सांगायचे तर त्या दुपारीपेक्षा पुढे जे मी स्वतः फाडले त्याचाच विचार मनात अधिक आला. पहिल्या वेळी ओढणारे हात दादाचे होते. दुसऱ्या वेळी माझे.

पुढच्या पावसाळ्यात मी शिरढोणला गेलो. सांगून गेलो नाही; सांगितले असते तर त्याने काय उत्तर दिले असते, याची भीती होती. वहिनींनी दार उघडले, क्षणभर पाहिले आणि “या” म्हणून पाणी आणायला आत गेल्या. दादा पडवीत बसला होता, अण्णा बसत त्याच जागी. केस पांढरे झाले होते. मी काय बोलणार होतो ते सारे पाठ करून गेलो होतो, पण तोंडून निघाले ते एवढेच : “दादा, ते टांग्याचं तिकीट आठवतं?”

“फाडलं होतं ते?” तो म्हणाला. म्हणजे त्याला आठवत होते, आणि फाडलेलेच आठवत होते.

मी पुडी काढली, भिंग दिले, आणि सांगू लागलो : दोन प्लेटी, मधली फट, साठणारी शाई, चोवीस तिकिटांतून एकदा येणारा आकडा. तो शेतकरी माणूस. पण यंत्राची गोष्ट त्याला नेहमीच चटकन कळे. त्याने भिंगातून बराच वेळ पाहिले.

“म्हणजे ही घाण नव्हे. हा नंबर.”

“हो.”

“आणि मी चांगलं म्हणून घेतलं ते बिननंबरी.” तो हसला. त्याचे ते हसू मी कितीतरी वर्षांनी पाहत होतो.

“तुझं आहे का अजून?” मी विचारले. मनात एक वेडी आशा होती, की ती दोन तिकिटे शेजारी ठेवता येतील, दात्यांत दाते बसतील.

“वही गेली,” तो म्हणाला. “दोन हजार पाचच्या पुरात. सव्वीस जुलैला पाणी घरात शिरलं, खालच्या पेटीतलं सगळं गेलं. आईचे मामाकडचे कागदही.” जरा थांबून म्हणाला, “फडक्यांचं तिकीटही त्यातच होतं.”

त्या पुराच्या वेळी मी पनवेलच्या तिसऱ्या मजल्यावर कोरडा होतो. दादाच्या घरात पाणी शिरल्याचे मला चार दिवसांनी, तेही दुसऱ्याकडून कळले होते, आणि मी फोन केला नव्हता. हे त्याला ठाऊक होते. त्याने ते काढले नाही. मीच म्हणालो, “तेव्हा मी यायला हवं होतं.” त्याने मान हलवली, होय म्हणून की असू दे म्हणून, ते मला कळले नाही, आणि विचारण्याचा मला हक्क नव्हता.

चहा झाल्यावर तो मला शेताकडे घेऊन गेला. भिंत उभीच होती, शेवाळलेली. तिच्या अलीकडे त्याचा भात होता. पलीकडे गवत माजले होते, घेणाऱ्याने अजून काही बांधले नव्हते. भिंतीच्या बुडाशी पाणी तुंबले होते. “बांध खाली तसाच आहे,” दादा म्हणाला. “वर भिंत घातली म्हणून काय झालं? दर पावसात पाणी इथंच धरतं.” तो सहज म्हणाला, शेतीतली एक अडचण सांगावी तसा. मला मात्र फटीत साठणारी शाई आठवली. मी काही बोललो नाही. काही गोष्टी बोलून दाखवल्या की हलक्या होतात.

निघताना मी पुडी त्याच्यापुढे धरली. तिकीट आता त्याच्याकडे असावे, असे मला वाटत होते. त्याने ती घेतली, पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिली आणि परत दिली.

“तुझ्याकडेच ठेव. इथं पाण्याचा भरवसा नाही.” मग म्हणाला, “दिवाळीला घेऊन ये. नातीला दाखवू. तिला समजावून तू सांग, मला ते चोविसाचं नीट जमणार नाही.”

तेव्हापासून दर दिवाळीला हे तिकीट शिरढोणला जाते आणि परत येते. वाटणी बदललेली नाही; विकलेली जमीन परत येत नाही आणि फाटलेली जोडी जोडता येत नाही. मी ज्या स्वच्छ व्यवहाराचा अभिमान धरला होता त्याची किंमत आता मला कळते, पण कळण्याने ती परत मिळत नाही. एवढेच आहे, की या एका तिकिटावरून दोन गोष्टी निश्चित सांगता येतात. आकड्यावरून ते कोणत्या प्लेटीवर छापले गेले हे कळते. आणि दात्यांवरच्या त्या अर्ध्या रेघेवरून हेही कळते, की त्या प्लेटीला लागून दुसरी एक प्लेट होती.